क्रेनचा दोर कुणी तपासायचा?

मुंबई, खास प्रतिनिधी

ठाण्यातील बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी, रविवारच्या सायंकाळी, चाळीस मजली इमारतीची बांधकाम-लिफ्ट कोसळली. गच्चीवरचे वॉटरप्रूफिंगचे काम उरकून मजूर खाली उतरत होते. सात जण मृत्युमुखी पडले. लिफ्टचा आधाराचा दोर तुटला, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. त्यानंतर पाचच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, दिल्लीलगतच्या ग्रेटर नोएडा पश्चिम भागात बांधकामाधीन इमारतीची अशीच लिफ्ट पडली आणि किमान आठ मजूर दगावले. मुंबईत वरळीच्या हनुमान गल्लीत २४ जुलै २०२१ रोजी अशाच एका दुर्घटनेत पाच जणांचे प्राण गेले होते. प्रत्येक वेळी गुन्हा दाखल झाला, ठेकेदार व पर्यवेक्षक यांची चौकशी झाली, मदतीच्या घोषणा झाल्या. 'दोर तुटला' किंवा 'तांत्रिक बिघाड झाला' हे कारण मात्र असे सांगितले गेले, जणू आभाळातून वीज पडावी तशी ती गोष्ट घडली.

वास्तविक पोलादी दोर अकस्मात तुटत नाही. तो आधी झिजतो, गंजतो, त्याच्या तारा एकेक करून सुटतात आणि मग एके दिवशी तो तुटतो. ब्रेकचेही तसेच. या झिजेला आठवडे आणि महिने लागतात. तेवढ्या काळात ती कुणाच्या तरी नजरेस पडायला हवी, हीच उच्चालन यंत्रांविषयीच्या साऱ्या कायद्यांमागची कल्पना आहे. ही नजर कुणाची आणि तिला काम थांबविण्याचा अधिकार किती, या प्रश्नांशी आपली व्यवस्था येऊन अडते.

मुंबई-ठाणे-पुण्याच्या आकाशात आज ज्या टॉवर क्रेन दिसतात, त्या या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहेत. लोअर परळ, वरळी, भायखळा या गिरणगावाच्या पट्ट्यात चिमण्यांची जागा या क्रेननी घेतली, त्याला आता दोन दशके होऊन गेली. पाठ्यपुस्तकांत क्रेनसाठी 'यारी' असा नेटका मराठी शब्द आहे. तो बांधकामावर कुणी उच्चारल्याचे मात्र ऐकिवात नाही. टॉवर क्रेन काय किंवा मजुरांना वर नेणारी दोराची लिफ्ट काय, दोघींचे काळीज एकच. एक विजेची मोटर, तिची गती कमी करणारा गिअरबॉक्स, दोर गुंडाळणारा ड्रम, ब्रेक आणि खुद्द दोर. विहिरीवरच्या रहाटाला वीज जोडली की जे होईल, ते हे यंत्र. साइटवर त्याला विंच किंवा हॉइस्ट म्हणतात.

इमारतीबरोबर उंच होत जाणारी ही क्रेन तशी युरोपातली. फ्रान्समधील ला क्लायेत गावी फोस्तँ पोतँ यांनी १९२८ मध्ये कारखाना काढला आणि महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत हान्स लिबेर यांनी १९४९ मध्ये सहज हलविता येणारी टॉवर क्रेन फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. पडझड झालेली शहरे झटपट उभी करायची होती आणि माणसे कमी होती. भारतात माणसे कमी नव्हती. त्यामुळे घमेले आणि पाटी यांच्या बळावर आपले बांधकाम दीर्घकाळ चालले आणि टॉवर क्रेनचा सर्रास वापर येथे उंच इमारतींची लाट आल्यावरच सुरू झाला. यंत्र आले, पण त्याच्या देखभालीची शिस्त त्याच वेगाने आली नाही.

वेळेचे गणित

दोन टन सळ्यांचा भारा १५० मीटर उंचीवर नेण्यास लागणारी ऊर्जा गणिताने काढली, तर ती जेमतेम ०.८२ युनिट भरते. घर्षणात जाणारी वीज धरली तरी एक युनिट. म्हणजे सुमारे पन्नास मजल्यांच्या उंचीवर दोन टन माल चढवण्याचा विजेचा खर्च एका चहाच्या आसपास. महाग आहे तो वेळ. विंचचा वेग मिनिटाला ४० मीटर असेल, तर तेवढी उंची गाठायला पावणेचार मिनिटे लागतात आणि रिकामा हूक खाली यायला तितकीच. भार बांधणे-सोडणे यांना चार-साडेचार मिनिटे धरली, तर दहा तासांच्या पाळीत पन्नास खेपा होतात. वेग दुप्पट केला की खेपा सत्तरच्या पुढे जातात.

उंच इमारतीवर क्रेन थांबली की सळ्या बांधणारे, शटरिंगवाले आणि काँक्रीट ओतणारे असे सगळेच थांबतात. स्लॅब किती दिवसांनी पडायचा, हे प्रत्यक्षात क्रेनच ठरवते. त्यामुळे विंचच्या ब्रेकची अस्तरे बदलण्यासाठी अर्धा दिवस मागणे म्हणजे पंचवीस-तीस खेपा मागणे. क्रेन बहुधा भाड्याची असते, भाडे महिन्याचे असते आणि गृहप्रकल्पाला ताबा देण्याची तारीख लागलेली असते. अशा स्थितीत देखभाल जेवणाच्या सुट्टीत, रविवारी किंवा 'पुढच्या स्लॅबनंतर' ढकलली गेली, तर त्यात नवल नाही. कुणी एक दुष्ट माणूस हे घडवीत असतो असेही नाही. भाड्याने देणारी कंपनी, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि मजूर पुरवणारा मुकादम या चौघांत जबाबदारी अशी वाटली जाते, की अखेरीस ती कुणाच्याच वाट्याला पूर्ण येत नाही.

खेपांची घाई यंत्रात नेमकी कोठे साचते, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या धाटणीच्या विंचमध्ये मोटरला दोन किंवा तीन ठराविक वेग असतात. भार थांबवायचा म्हणजे चालत्या भाराला ब्रेकने पकडायचे. दर खेपेला ब्रेकचे अस्तर थोडे झिजते. नव्या विंचमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारता बदलणारी यंत्रणा असते. ती मोटरच्याच साहाय्याने भार जवळजवळ शून्य वेगावर आणते आणि ब्रेक केवळ धरून ठेवण्याचे काम करतो. दोन्ही क्रेन रस्त्यावरून सारख्याच दिसतात. एकीची अस्तरे महिनोन् महिने टिकतात, दुसरीची वारंवार तपासावी लागतात. 'वर्षातून एकदा तपासणी' हा नियम मात्र दोघींना एकच.

हा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने बंद राहतो आणि वीज मिळाली तरच उघडतो. त्यामुळे वीज गेली की भार जागच्या जागी थांबतो. ही रचना चोखच आहे. तथापि ब्रेक बहुतेक विंचमध्ये मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि भार असतो तो ड्रमवर. मधली जोडणी किंवा गिअरचा दात तुटला, तर ब्रेक मोटरला घट्ट धरून बसतो आणि ड्रम मोकळा फिरत सुटतो. यावरचा उपाय म्हणजे थेट ड्रमच्या कडेला पकडणारा दुसरा, आणीबाणीचा ब्रेक. तो बसवलेल्या विंच मिळतात, पण किंमत जास्त पडते. सळ्या आणि काँक्रीटच उचलायचे असेल, तर तेवढी जोखीम चालते, असा हिशेब केला जातो. त्याच जातीची विंच माणसे नेऊ लागली की हा हिशेब चालत नाही.

म्हणूनच केवळ माल नेण्यासाठी बनवलेल्या हॉइस्टमधून माणसांनी ये-जा करणे नियमांनी निषिद्ध आहे. माणसांसाठी दातेरी पट्टीवर चढणारी, ठराविकपेक्षा अधिक वेग येताच पट्टीला घट्ट पकडणारी लिफ्ट वेगळी असते. तिच्या या पकडीची चाचणी पिंजरा मुद्दाम सोडून घेतली जाते आणि उत्पादक ती साधारण दर तीन महिन्यांनी घ्यायला सांगतात. पण तीस मजले पायी उतरण्याऐवजी समोर तयार असलेल्या मालाच्या पिंजऱ्यात पाय टाकण्याचा मोह दमलेल्या मजुराला होतो. त्याला तो मोह होऊ नये एवढ्या संख्येने माणसांच्या लिफ्ट ठेवणे हे कुणाचे तरी काम असते. मजुरांच्या 'निष्काळजीपणा'वर बोट ठेवणाऱ्या अहवालांत हा मुद्दा क्वचितच येतो.

दोराच्या आतले

राहता राहिला दोर. टॉवर क्रेनचा दोर १५० मीटर उंचीसाठी दोन पदरी घेतला, तरी जिबची लांबी धरून साडेतीनशे मीटरांहून अधिक लागतो. चार पदरी केला की क्रेन दुप्पट भार उचलते, वेग निम्मा होतो आणि दोर सहाशे मीटरांच्या पुढे जातो. हा सगळा दोर ड्रमवर थरांवर थर असा गुंडाळलेला असतो. इमारत अजून दहाव्या मजल्यावर असताना खालचे थर वापरातच येत नाहीत. ते सैल राहिले, तर वरच्या थरांचा ताणलेला दोर त्यांच्यात पाचरीसारखा घुसतो. हूक जमिनीला टेकल्यावरही ऑपरेटरने उतरवणे चालू ठेवले की दोर ड्रमवर सैल पडतो आणि पुढच्या भाराला हिसका बसतो. ऐंशी-शंभर मीटर उंचीवरच्या केबिनमधून हूक टेकला की नाही हे दिसत नाही. खालच्या सिग्नलमनचा आवाज वॉकीटॉकीवरून येईल तेवढाच आधार. हे दोराचे नुकसान क्रेन पडण्याइतके नाट्यमय नसते. कुणी त्याची नोंदही करत नाही.

त्यात मुंबईची हवा. समुद्राची खारट आर्द्रता आणि चार महिन्यांचा पाऊस दोराच्या गाभ्यात शिरतो. वरून ग्रीस लावलेला दोर आतून गंजू शकतो.

उंचावर भार गरगरू नये म्हणून टॉवर क्रेनना विशिष्ट विणीचा, पीळ न घेणारा दोर वापरतात. त्यात बाहेरचे पेड एका दिशेने आणि आतले पेड विरुद्ध दिशेने वळलेले असतात. भार आला की दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. परंतु जेथे हे पेड एकमेकांना छेदतात, तेथे आतल्या आत घासाघीस होते आणि तारा प्रथम तेथेच तुटतात. म्हणजे बाहेरून दोर शाबूत दिसत असताना तो आतून निकामी झालेला असू शकतो.

आता नियम पाहू. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम १९९६ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे. महाराष्ट्राने स्वतःचे नियम केले ते २००७ मध्ये. मधली नऊ वर्षे कशी गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक उच्चालन यंत्राची वापरापूर्वी, मोठ्या दुरुस्तीनंतर आणि पाच वर्षांतून किमान एकदा भारचाचणी व्हावी लागते, तर वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी. दोर तीन महिन्यांतून एकदा पाहायचा. एखादी तार तुटलेली आढळली, तर महिन्यातून एकदा. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून अधिक झाल्या की तो दोर बाद.

या 'दिसणाऱ्या' शब्दातच गोम आहे. १६ मिलिमीटरच्या दोराची आठपट लांबी म्हणजे सुमारे तेरा सेंटिमीटर. पीळ न घेणाऱ्या प्रचलित दोरात अडीचशेच्या आसपास तारा असतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत लपलेल्या. तेरा सेंटिमीटरांत चोवीस तारा तुटलेल्या दिसेपर्यंत या नियमाने तो दोर बाद होत नाही. तोपर्यंत आत काय झाले असेल, याची कल्पनाच करावी. आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४३०९, हे ओळखते. अशा दोरासाठी ते बाहेर मोजक्याच तुटक्या तारा चालवून घेते आणि व्यास कमी होणे, गंज व दोराचे आकार बिघडणे यांचा एकत्रित विचार करायला लावते. आपला नियम जुन्या, साध्या दोराच्या काळातला आहे आणि तो तसाच पुढे चालत आला.

याच राज्यात दोराकडे याहून कितीतरी कडक नजरेने पाहिले जाते, हे सहसा लक्षात येत नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या भूमिगत मँगनीज खाणींत कामगार ज्या पिंजऱ्यातून खाली जातात, त्याचा दोर खाण नियमांनुसार सहा महिन्यांनी टोकाला कापून नव्याने बसवावा लागतो. कापलेला तुकडा उलगडून आतल्या तारा पाहिल्या जातात. साडेतीन वर्षांपेक्षा जुना दोर, तो कितीही चांगला दिसला तरी, चालत नाही. चुंबकीय पद्धतीने दोराच्या आतली मोडतोड शोधण्याचे तंत्रही खाणींना ठाऊक आहे. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत दोरांच्या चाचण्यांची व्यवस्था आहे. खाणीत तीनशे मीटर खाली जाणाऱ्या माणसाला जो न्याय, तो दीडशे मीटर वर जाणाऱ्याला का नसावा? उत्तर तांत्रिक नाही. खाणींत मोठ्या दुर्घटना झाल्या, कामगार संघटना झाल्या, स्वतंत्र महासंचालनालय झाले. बांधकाम मजूर एका साइटवर चार महिने असतो आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या राज्यात.

प्रमाणपत्राची किंमत

'सक्षम व्यक्ती' ही या साऱ्या व्यवस्थेची मेख आहे. तिला मान्यता सरकार देते, पण तिची फी देतो तो यंत्राचा मालक किंवा कंत्राटदार. यात गैर काही घडलेच पाहिजे असे नव्हे. अनेक अभियंते हे काम प्रामाणिकपणे करतात. परंतु ज्याने बोलावले त्यालाच नापास करण्याची वेळ आली की पुढच्या वर्षी बोलावणे दुसऱ्याला जाते, एवढे कळायला फार अनुभव लागत नाही. शिवाय प्रमाणपत्र त्या दिवसाचे असते. त्यानंतरच्या ३६४ दिवसांत दोराचे काय झाले, ते ऑपरेटरला आणि महिन्याकाठी येणाऱ्या मेकॅनिकला माहीत. हा ऑपरेटर बहुधा भाडे कंपनीच्या किंवा तिच्याही कंत्राटदाराच्या पगारावर असतो. 'आज क्रेन चालवणार नाही' असे म्हणण्याचा हक्क त्याला कागदोपत्री असला, तरी तो एकदा वापरून पाहिल्यावर दुसऱ्यांदा वापरायला नोकरी शिल्लक राहीलच याची हमी नसते.

तीच गत सुरक्षा स्विचांची. टॉवर क्रेनमध्ये कमाल भाराचा एक आणि भार-अंतराच्या गुणाकाराचा एक, असे दोन रोधक असतात. कारण पन्नास मीटरवर दोन टन आणि दहा मीटरवर दहा टन यांचा क्रेनवरचा ताण ढोबळमानाने सारखाच. हूक अगदी वर धडकू नये आणि ड्रमवर दोराचे किमान दोन-तीन फेरे राहावेत म्हणून आणखी दोन. भार जरा जास्त झाला की रोधक क्रेन थांबवतो आणि माल खाली ठेवून दोन खेपा कराव्या लागतात. मग कुणीतरी वर चढतो आणि स्विच तारेने बांधून ठेवतो. ही गोष्ट मुंबईचीच नाही, जगभरच्या क्रेनवाल्यांना परिचित आहे. वार्षिक तपासणीच्या दिवशी तार सोडलेली असते.

भारचाचणी हीसुद्धा निव्वळ औपचारिकता नव्हे, याची आठवण १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याने दिली. तेथील मोठी क्रेन चाचणी सुरू असतानाच कोसळली आणि अकरा जण ठार झाले. ती टॉवर क्रेन नव्हती, पण चाचणी म्हणजे यंत्रावर जाणीवपूर्वक घातलेला धोका असतो आणि त्या वेळी खाली माणसे असता कामा नयेत, हा धडा सर्वच उच्चालन यंत्रांना लागू पडतो. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ च्या दरम्यानच्या रात्री पुलाचे गर्डर बसवणारे यंत्र कोसळून वीस जणांचा बळी गेला, तेव्हाही काम चालू होते आणि माणसे खालीच होती.

महाराष्ट्रात बांधकामाच्या सुरक्षेचा भाग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि नोंदणी-कल्याणाचा भाग कामगार विभागाकडे, अशी विभागणी आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कल्याणकारी मंडळाकडे पैसा येतो. त्यातून सुरक्षा संच आणि गृहोपयोगी भांड्यांचे संच वाटले गेले. भांडी उपयोगाची असतात, याविषयी वाद नाही. पण ज्या कामातून हा उपकर गोळा होतो, त्या कामावरच्या दोरांची स्वतंत्र तपासणी करायला त्यातला थोडा वाटा वापरावा, असा विचार पुढे रेटला गेला नाही.

शिक्षेचा भाग आणखी बोलका आहे. १९९६ च्या अधिनियमाच्या कलम ४७ नुसार सुरक्षेच्या नियमांचा भंग केल्यास जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन हजार रुपयांत क्रेन दिवसभरही भाड्याने मिळत नाही. मृत्यू झाला तर पोलीस भारतीय दंड संहितेचे कलम लावत, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, ज्यात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ते लागते मात्र माणूस गेल्यानंतर.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या आणि १९९६ चा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतील, असे केंद्राने स्पष्ट केले. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद असून दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दोन हजारांच्या तुलनेत ही मोठीच उडी आहे. दुसरीकडे निरीक्षक आता 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' झाला असून तपासणीसाठी साइटची निवड संगणकाने यादृच्छिक पद्धतीने व्हावी, असा या संहितेचा कल आहे. इन्स्पेक्टर राज संपावे ही उद्योगांची मागणी समजण्याजोगी आहे. पण क्रेनचा धोका यादृच्छिक नसतो. पंधरा वर्षांची, सहा साइट फिरून आलेली विंच आणि कारखान्यातून नुकतीच आलेली विंच यांच्यात चिठ्ठी टाकून निवड करण्यात अर्थ नाही.

इतर देशांनी या वयाच्या प्रश्नावर वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये मे, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा तीन टॉवर क्रेन दुर्घटनांत प्रत्येकी तीन कामगार गेले. तेथील सरकारने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्रेनचे आयुष्य तत्त्वतः वीस वर्षांपुरते मर्यादित करण्याचे धोरण जाहीर केले होते. जुन्या क्रेनच्या मुख्य भागांची टप्प्याटप्प्याने अधिक कडक तपासणीही त्यात होती. ब्रिटनची कथा उलटी. लंडनच्या बॅटरसी भागात सप्टेंबर २००६ मध्ये क्रेन कोसळून चालक आणि एक पादचारी ठार झाल्यावर मोहीम झाली आणि एप्रिल २०१० पासून टॉवर क्रेनची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली. तीनच वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, अनावश्यक नियम कमी करण्याच्या धोरणात ती नोंदवही रद्द झाली. तेव्हाचा युक्तिवाद असा, की नोंदीने क्रेन सुरक्षित होत नाही. युक्तिवाद अगदीच चूक नाही. नोंदीमुळे दोर मजबूत होत नसतो. मात्र दोर कधी बसवला, कुणी बदलला, ब्रेकची अस्तरे केव्हा बदलली आणि विंच किती तास चालली, हे ठाऊक नसेल, तर तपासणाऱ्याला नेमके काय पाहायचे हेही कळत नाही.

आपल्याकडे क्रेनचा हा इतिहास साइटबरोबर संपतो. लोअर परळचा प्रकल्प पुरा झाला की क्रेन सुटी होते, मास्टचे तुकडे एका ट्रेलरवर आणि विंच दुसऱ्यावर चढते आणि पुढच्या साइटवर नवी फाइल उघडली जाते. त्या फाइलमध्ये उभारणीच्या दिवसाचे प्रमाणपत्र असते. आधीच्या साइटवरची महिन्यागणिक तपासणीची वही भाडे कंपनीच्या कार्यालयात असली तर असते. मोटारगाडीला नोंदणी क्रमांक आहे, बसला योग्यता प्रमाणपत्र आहे, रिक्षालासुद्धा आहे. चाळीस मजल्यांवर टनावारी लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेणाऱ्या विंचला, यंत्र कोठेही गेले तरी सोबत राहणारा असा क्रमांक आणि अशी वही नाही. महाराष्ट्राने नव्या संहितेखालील आपल्या नियमांत विंचवर ठोकलेल्या उत्पादकाच्या क्रमांकालाच ही वही जोडली, तीत दोराची आणि ब्रेकची तारीखवार नोंद सक्तीची केली आणि पीळ न घेणाऱ्या दोराचा निकष आयएसओ ४३०९ नुसार बदलला, तर त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही की नवे खाते उघडावे लागणार नाही. जुन्या विंच आधी तपासायच्या, हा क्रमही त्याच वहीतून आपोआप लागेल.

भाडे कंपन्यांचा याला विरोध होईल, हे उघड आहे. ज्या विंचचा खरा इतिहास कागदावर येईल, तिचे भाडे उतरेल.